पेशींना मत नाही

कांचन भंगाळेच्या अंगात पाच दिवसांनी काय होणार आहे, हे गल्लीला तिच्या आधी कळायचं.

सकाळी ती सडा टाकायला दारात आली की समोरच्या ओट्यावरचा चेहरा वाचायचा, एवढंच काम. विमलने नुसतं "झाला का चहा?" विचारलं तर हिरवा. "राहू द्या की बाई, मी टाकते तुमचा सडा," म्हणाली तर पिवळा. आणि विमल काहीच न बोलता मान वाकडी करून बघत राहिली, तर कांचन बादली तिथेच ठेवून घरात यायची, फोन उघडायची, आणि तिथे लाल ठिपका असायचाच. विमलचा अंदाज दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. चुकणार कसा? तो अंदाज नव्हताच. विमलच्या फोनवरही तोच ठिपका उमटत होता.

त्या यंत्राचं नाव 'पहारा'. तिळाएवढा दाणा, दंडाच्या कातडीखाली बसवलेला. दर सहा तासांनी तो तिथला ओलावा चाखायचा आणि शरीरातल्या पहारेकरी पेशी काय कुजबुजताहेत ते ऐकून सांगायचा, की ल्युपस पुढल्या पाच दिवसांत उचल खाणार की नाही. २०४१ सालापासून यावलसारख्या गावातही तो मिळू लागला. कांचनचा आजार तेव्हा पंधरा वर्षांचा झाला होता.

जळगावच्या डॉक्टर रुबिना तडवींनी दाणा बसवताना तिला सगळं समजावून सांगितलं होतं. कांचनला अर्धवट समजलेलं चालत नसे, आणि डॉक्टरांना प्रश्न विचारणारे पेशंट आवडत.

"आपल्या अंगात रोज लाखो पेशी मरतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांचा केर वेळच्या वेळी उचलला गेला की काही बिघडत नाही. तुमच्याकडे तो पडून राहतो. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या शिपाई पेशी आहेत. त्या फुटतात तेव्हा स्वतःच्याच डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. मग फांद्या फुटल्यासारखी दिसणारी एक पहारेकरी पेशी येते, ती हे जाळं उचलून बघते आणि तिला वाटतं, हा विषाणूच. ती शिट्टी मारते. त्या शिट्टीचं नाव इंटरफेरॉन."

"आणि बाकीचे धावत येतात."

"बी पेशी येतात. त्यांचं काम चोराच्या नावाची प्रतिपिंडं काढायचं. चोर कोण, तर तुमचाच डीएनए. ती प्रतिपिंडं त्या केराला चिकटतात, गुठळ्या होतात आणि जाऊन बसतात सांध्यात, कातडीत, मूत्रपिंडात. तिथे जाळपोळ. त्यातून आणखी पेशी मरतात, आणखी केर, आणखी शिट्टी."

कांचनने जरा विचार केला. "मग चूक कोणाची धरायची? केर न उचलणाऱ्याची, जाळं फेकणाऱ्याची, की शिट्टी मारणाऱ्याची?"

"सगळ्यांची थोडी थोडी."

"म्हणजे आमच्या भाऊबंदकीसारखंच," कांचन म्हणाली, आणि डॉक्टरांना हसताना चष्मा काढावा लागला.

"ऊन लागलं की कातडीच्या पेशी घाऊक मरतात," त्यांनी शेवटी बजावलं. "म्हणून उन्हाला जपायचं. पहारा ती शिट्टी हळू असतानाच ऐकतो. तेव्हाच औषध वाढवलं तर बऱ्याचदा उचल टळते."

यंत्रात चांगलं होतं ते एवढं, आणि ते खरोखर चांगलं होतं. वाईट होतं ते 'जोडीदार' नावाच्या बटणात. नवऱ्याने, हेमराजने, काळजीपोटी स्वतःला जोडीदार केलं. त्याला रात्रपाळीत फोन बघता येईना, म्हणून त्याने धाकट्या भावजयीला, ज्योत्स्नाला, जोडून घेतलं. ज्योत्स्नाने विचार केला, ताई दिवसभर असतात गटात, तर गटातल्या बायकांनाही कळलेलं बरं. दीड महिन्यात कांचनच्या इंटरफेरॉनला बावीस जोडीदार झाले. लग्नाला सव्वीस वर्षं होऊन हेमराज तिचा तेवढा जोडीदार झाला नव्हता.

गट होता बिबड्यांचा. ज्वारी भिजवून, भरडून, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच पाण्याच्या हाताने कापडावर गोल थापायचा, उलट्या खाटांवर वाळत घालायचा. पूर्वी हे गल्लीत पाळीपाळीने चालायचं. आज तुझ्या घरच्या बिबड्या, उद्या माझ्या. कांचनने त्या पाळ्यांचा गट केला. तिच्याकडे एक वही होती. तीत रोज कोण आलं, कोण कुठे बसलं, कोणी नुसत्या गप्पा थापल्या, सगळं असे. कोण कोणाच्या पाळीला गेलं नाही, हे ती वही न उघडता एकोणीस वर्षं मागपर्यंत सांगू शकायची, आणि वेळ आली की सांगायचीही.

ठिपका बावीस फोनांवर गेल्यापासून या वहीत एक नवीन प्रकार दिसू लागला. कांचनशी कोणी भांडेना.

हे सुख नव्हे. गटात भांडण म्हणजे कामाचं वंगण. आधी तिने "सुरेखा, ही बिबडी आहे की नकाशा?" म्हटलं की सुरेखा उलटून म्हणायची, "तुमची काय पौर्णिमेचा चंद्र असते का?" आता पिवळा ठिपका असला की सुरेखा म्हणायची, "हो ताई, चुकलंच माझं." लाल असला की जाड-पातळ काही थापलं तरी सगळ्या एकमेकींना खुणावून गप्प बसायच्या. मालाचा दर्जा उतरला, आणि तिच्या मागे तिच्याविषयी अतिशय प्रेमाने बोललं जाऊ लागलं. प्रेमाने बोललं जाणं हे माणूस कामातून गेल्याचं पहिलं लक्षण, हे तिला सासूच्या वेळेपासून माहीत होतं.

मग ज्योत्स्नाने तिच्यासाठी खोली केली. अवकाळी पावसाला कंटाळून गटाने वर्षापूर्वी एक सुकवणीचं कपाट घेतलं होतं. आत गरम वारा, आणि बुरशी मारायला जांभळे दिवे. ते कपाट होतं मागच्या खोलीत. ज्योत्स्नाने त्या खोलीच्या खिडक्यांना काळ्या सतरंज्या ठोकल्या, मऊ गादीची खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही इथे बसून नुसतं लक्ष ठेवा. उन्हाची तिरीपसुद्धा येणार नाही." अंधारात ताईंना वही दिसेना, तर कपाटाची पुढची झडप उघडी ठेवली. तेवढाच उजेड.

कांचन तिथे बसली. बसली, कारण मनगटं खरंच दुखत होती, आणि कारण ज्योत्स्नाने मागच्या वर्षी दवाखान्यात बारा दिवस तिच्या उशाशी बसून काढले होते. ते बारा दिवसही वहीत होते.

चैत्रात एका सकाळी विमलने ओट्यावरून विचारलं, "भुसावळला दहाव्याला जाणार असाल ना बाई?"

"कोणाच्या?"

विमलच्या चेहऱ्यावर जे आलं, ते कोणत्याच ठिपक्यात बसणारं नव्हतं.

जगन्नाथमामा जाऊन सहा दिवस झाले होते. कांचनचे वडील लवकर गेले. मामानेच तिला वाढवलं, आणि तिचा आजार पहिल्यांदा कोणालाच ओळखू येईना तेव्हा ऐंशी सालच्या जुन्या स्कूटरवरून तिला सात डॉक्टर फिरवले. ते गेले त्या दिवशी ठिपका लाल होता. बावीस जोडीदारांनी मिळून ठरवलं, आत्ता सांगायला नको. एव्हाना हेमराजने सांगितलं असेल, असं विमल धरून चालली होती.

हेमराज कामावरून आला तेव्हा ती वही न घेता ओसरीत बसली होती.

"तुम्ही गेला होता?"

"गेलो होतो," तो म्हणाला. "ज्योत्स्नाही आली होती. तुझ्या वतीने पाणी दिलं मी."

"माझ्या वतीने."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, मनाला धक्का नको. तुझे आकडे बघितलेस का त्या दिवशीचे? काही झालं असतं तर?"

"डॉक्टरांनी उन्हात जाऊ नको सांगितलं होतं. मामाच्या सरणाला ऊन म्हणत नाहीत हो."

हेमराज खांबाला टेकून खाली बसला. वाईट माणूस नव्हता तो. तिला जपण्यात इतका गुंतला होता की तिला विचारायचं विसरला होता. ही चूक मोठी की छोटी, हे कांचनने त्या दिवशी ठरवलं नाही. ती दहाव्याला गेली. आरशात गालांवर पंख पसरलेलं लाल फुलपाखरू होतं, तोंडाला ओढणी होती, हातात गोळ्यांची डबी होती. अंगात ताप होता. आणि ती गेली होती.

परत आल्यावर मात्र तिच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. उन्हाळ्यात आपल्याला उन्हाची तिरीप लागत नाही, तरी ठिपका लाल का? पूर्वी, मांडवात बसून थापायचो तेव्हा इतका नव्हता.

तिने वही काढली. शेजारी फोनवर पहाऱ्याचा आलेख. जेवणानंतरचा निवांत वेळ होता, बाकीच्या घरी लवंडल्या होत्या. फेब्रुवारीपासून अकरा वेळा लाल. तिने प्रत्येक लाल दिवसापासून मागे मोजायला सुरुवात केली. चार दिवस मागे: मागच्या खोलीत, तीन तास. पाच दिवस मागे: मागच्या खोलीत, दोन तास. पुन्हा खोली. पुन्हा खोली. अकरांपैकी नऊ वेळा खोली. उरलेल्या दोनांचा मेळ बसला नाही, आणि तिने तो ओढूनताणून बसवलाही नाही. आजाराला थोडी स्वतःची अक्कल असतेच.

मग तिला मार्चमधला तो आठवडा सापडला. डीपी जळाली होती, सलग तीन दिवस वीज नव्हती. त्या तीन दिवसांतही ती त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, मेणबत्तीच्या उजेडात बसली होती. त्यानंतरचे सात दिवस ठिपका हिरवा.

खोली तीच, खुर्ची तीच. नव्हता तो फक्त दिवा.

तिने डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, बुरशी मारायचा जांभळा दिवा असतो, त्याचा उजेड अंगावर पडला तर?"

मग डॉक्टर अगदी हळू बोलल्या. "किती लांबून?"

"हातभर. झडप उघडी ठेवतात माझ्यासाठी. मला दिसावं म्हणून."

"कांचनताई, उन्हात वाईट असतात ते अतिनील किरण. त्या दिव्यातून तेच निघतात. सूर्य निदान ढगाआड तरी जातो. आधी ती झडप लावा."

काळ्या सतरंज्या ठोकून सूर्याला बाहेर ठेवलं, आणि आत त्याचं पिल्लू हातभर अंतरावर आणून बसवलं. इतकी सुबक चूक फक्त माया करणाऱ्या माणसांनाच जमते.

झडप बंद झाली. कांचन मांडवात परतली. पूर्ण बाह्यांचा झगा, डोक्याला फडकं, अंगाला मलम, आणि आठ वाजले की सावलीत, हा तिचा जुना नेम. दोन आठवड्यांत आलेख उतरला. ज्योत्स्नाने सगळ्यांदेखत तिचे पाय धरले, रडली, आणि रडणं आवरता आवरता म्हणाली, "पण बघा ताई, आकडे होते म्हणूनच कळलं ना? आता तर आपण सगळ्यांनीच आणखी लक्ष ठेवायला हवं."

"लाल ठिपका बावीस जणांना दिसत होता," कांचन म्हणाली. "दिवा कोणाला दिसला?"

त्याच दुपारी तिने यंत्रातले जोडीदार एकेक करून काढले. बावीस वेळा 'नक्की का?' असं विचारलं गेलं, आणि बावीस वेळा तिने 'हो' दाबलं. हेमराजचं नाव तिने शेवटी काढलं. तिथे अंगठा जरा थांबला. पण दाबला.

संध्याकाळी हेमराज हातात फोन घेऊन आला. "बंद पडलंय वाटतं. काही दिसत नाही."

"बंद नाही पडलं. मी काढलंय."

त्याने फोन खिशात ठेवला. राग आला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने विचारलं, "मग मला कळणार कसं?"

"तोंड आहे ना. विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, लाजल्यासारखं करत त्याने विचारलं, "आज... कसं आहे?" दोन वर्षांत पहिल्यांदाच. ती म्हणाली, "बोटं आखडलीत. बाकी ठीक." त्याने डब्याचं घट्ट झाकण उघडून दिलं. ठिपका त्या दिवशी कोणता होता, कोण जाणे. तिनेही पाहिला नव्हता.

गटात मात्र गोष्टी इतक्या गोड झाल्या नाहीत. ज्योत्स्ना दुखावली होती, आणि दुखावलेलं माणूस फार पद्धतशीर वागतं. तिने ठराव लिहिला. दुबईला माल जायचाय, मागच्या वर्षी ताई ऐन हंगामात दवाखान्यात गेल्या आणि चार खाटांचा माल आंबला, तेव्हा गटाच्या हितासाठी प्रमुखबाईने आपला पहारा गटाला उघडा ठेवावा. ठेवायचा नसेल तर तिला सन्माननीय सल्लागार करावं. सल्लागार म्हणजे जिला विचारायचं नसतं, नुसता हार घालायचा असतो.

"हे सगळं तुमच्यासाठीच आहे, ताई," ठरावाचा कागद देताना ज्योत्स्ना म्हणाली. "तुम्हाला नाही माहीत त्या बारा दिवसांत तुम्ही कशा दिसत होतात. मला माहीत आहे. मला पुन्हा नाही बघायचं ते."

कांचनने कागद घेतला. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. चार खाटांचा माल आंबला होता. ज्योत्स्ना जागली होती. आणि तरीही या कागदावर सही केली, तर एकोणीस वर्षांचा गट आणि उरलेलं आयुष्य त्या तिळाएवढ्या दाण्याच्या मर्जीवर जाणार होतं. उद्या मामाच्या जागी आणखी कोणी असेल.

"घे मतदान," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी, सगळ्या असतील तेव्हा."

सोमवारी पहाटे तिने ठिपका पाहिला. लाल. तारखाही छान निवडतात या पेशी. उठताना मनगटं डब्यातल्या भिजल्या पोळीसारखी झाली होती.

"आज कसं आहे?" हेमराजने विचारलं.

"लाल आहे. औषध वाढवलंय, डॉक्टरांना कळवलंय."

"मग जाऊ नकोस."

"जाणार."

तो उठून चपला शोधू लागला. "मी येतो बरोबर."

"राखण करायला येणार असाल तर घरीच थांबा. घाटा घोटायला येणार असाल तर चला. मला आज चाटू धरवणार नाही."

"बायका हसतील."

"हसू द्या. पुष्कळ दिवस झाले हसल्या नाहीत."

मतदान सातला ठरलं होतं. चूल मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पेटली. हा निव्वळ योगायोग, असं कांचनने चूल पेटवताना सांगितलं.

हेमराज बनियनवर, घामाघूम, दोन्ही हातांनी चाटू फिरवत होता. बायका खरंच हसल्या. सुरेखा म्हणाली, "भाऊजी, तळाला लागतोय, कंबर वापरा कंबर!" सातला दहा कमी असताना कांचनने पातेल्यात डोकावून पाहिलं. घाट्याला चमक आली होती, बुडबुडे जड झाले होते. "उतरवा," ती म्हणाली. तो क्षण ओळखणारं दुसरं कोणी गटात नव्हतं. ज्योत्स्नाच्या ठरावात त्याचा उल्लेख राहून गेला होता. गरम गोळे वाटले गेले, ओली कापडं पसरली, आणि वीस जणींचे हात पाण्यात आणि घाट्यात गेले. आता अर्धा तास कोणालाच हात काढता येणार नव्हता. घाटा निवला की बिबडी फाटते.

ज्योत्स्ना फोनमध्ये ठराव धरून उभी राहिली. तिने तो पूर्ण वाचला.

"मला दोन शब्द बोलायचेत," कांचन म्हणाली. ती खुर्चीत बसली नव्हती. मांडवाच्या मेढीला टेकून उभी होती. "आज माझा ठिपका लाल आहे. हे मी सांगतेय, यंत्र नाही. मनगटं सुजलीत, म्हणून थापणार नाही. आठला सावलीत जाणार. उद्या कदाचित येणारही नाही. आले नाही तर माल आंबू नये म्हणून घाटा कधी उतरवायचा, ते सुरेखाला मी आजपासून शिकवणार आहे. गेल्या वर्षी ते शिकवलं नव्हतं, ती माझी चूक, वहीत लिहिलीय. पण माझ्या अंगातल्या पेशी घाबरट आहेत. घरच्याच माणसाला चोर समजून शिट्ट्या मारतात. त्यांचं ऐकून औषध घ्यायचं असतं, बायांनो, गट नाही चालवायचा. त्या या गटाच्या सभासद नाहीत. त्यांना इथे मत नाही."

थापण्याचा पच् पच् आवाज तेवढा चालू होता.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिने स्वतःचा हात वर केला. कांचन सोडली तर बायकांत कोरडा असा तेवढाच हात होता.

वीस माना वर झाल्या, हात नाही. दोघी-तिघींची खरंच चुळबुळ झाली. सगळ्यात म्हाताऱ्या सिंधूजिजीने थापता थापता म्हटलं, "हात धुऊन यायला वेळ आहे ज्यांना यायचंय त्यांना. घाटा थांबणार नाही, पण ठराव थांबेल."

उठलं कोणीच नाही. मग विमल एकदम उसळून म्हणाली, "बाई, तुम्हाला काय वाटलं, आम्ही घाट्यामुळे हात वर केला नाही? मला वर करायचा असता तर घाट्यासकट केला असता!"

"आवाज चढवू नकोस, लाल आहे त्यांना," कोणीतरी सवयीने पुटपुटलं.

"असू दे लाल!" विमल म्हणाली. "आणि बाई, पहाटे अर्धा तास आधी चूल पेटवलीत ते काय आम्हाला कळलं नाही? लबाडी आहे ही!"

"आहेच," कांचन म्हणाली. तिला अंगभर ताप होता आणि कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. "आणि तुझी ती बिबडी एका बाजूला जाड आहे. उचल आणि पुन्हा थाप."

ज्योत्स्नाचा हात अजून वर होता. आता तो कसा खाली आणावा हे तिला कळत नव्हतं. कांचन चार पावलं चालून तिच्याजवळ गेली. सुजलेल्या बोटांनी तिने तो हात मनगटाशी धरला, खाली आणला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला.

"एक मत माझ्या विरोधात," ती म्हणाली. "नोंदवलं. आता बस, शेवटचा गोळा निवतोय."